पश्चिमेची भिंत

पनवेलच्या मोहल्ल्यातले आमचे जुने घर पाडायचे ठरले, तेव्हा आम्ही चार भावंडे, आमची फुफू आणि नव्या इमारतीतल्या फ्लॅटचा नकाशा घेऊन आलेला एक तरुण, असे सगळे त्याच घराच्या बैठकीत बसलो होतो. मुलगा हुशार होता आणि अदबीनेही बोलत होता. खोल्यांची लांबी-रुंदी सांगून झाल्यावर त्याने विचारले, ‘‘अंकल, हॉलचा फोकल पॉइंट काय ठेवायचा?’’ आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आम्हांला कळावे म्हणून त्याने लॅपटॉपवर चित्रे दाखवली. एका चित्रात भिंतीत शेकोटी होती. तिच्यात विजेवर हलणाऱ्या लाल-पिवळ्या ज्वाळा होत्या आणि वर संगमरवरी फळी होती. ‘‘याला चिमणी लागत नाही. नुसता प्लग लावायचा,’’ तो म्हणाला.

फुफूने चष्मा पुसला, चित्र नीट पाहिले आणि विचारले, ‘‘अरे बाबा, पनवेलात शेकायचंय कुणाला?’’

सगळे हसले. पण हसून झाल्यावर लक्षात आले की मुलाचा प्रश्न तसाच राहिला आहे. आमच्या बैठकीत माणूस शिरला की त्याची नजर पहिल्यांदा कुठे जायची? थोरले भाऊ म्हणाले, पश्चिमेच्या भिंतीवरच्या तुगऱ्याकडे. दुसरे म्हणाले, घड्याळाकडे. धाकट्याला टीव्हीच आठवत होता. शेवटी फुफूला विचारले. ती म्हणाली, ‘‘मला कसं ठाऊक असणार? मी तर पडद्याच्या फटीतून बघत होते. मला तुमच्या अब्बांची पाठ दिसायची.’’

एकाच खोलीबद्दल चार उत्तरे मिळाली, आणि चौथे उत्तर आम्ही साठ वर्षांत कधी विचारलेच नव्हते. घर पाडण्याआधी या खोलीचा इतिहास एकदा मांडून पाहावा असे त्या दिवशी वाटले. तो फक्त आमच्या घराचा इतिहास नाही. कोकणातल्या बऱ्याच मुस्लिम घरांना त्यात आपली बैठक दिसेल असे वाटते.

◆

सुरुवात त्या मुलाच्या शब्दापासूनच करू. लॅटिन भाषेत ‘फोकस’ म्हणजे चूल, घरातला विस्तव. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याने १६०४ मध्ये प्रकाशशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात हा शब्द भूमितीसाठी वापरला आणि तिथून तो भिंगाकडे, कॅमेऱ्याकडे आणि शेवटी घर सजवणाऱ्यांकडे आला. म्हणजे ‘फोकल पॉइंट’ या शब्दाच्या पोटात चूल आहे. थंड मुलखातल्या माणसाने तो शब्द बैठकीसाठी वापरला यात नवल नाही. त्याच्या घरात माणसे खरोखरच विस्तवाभोवती बसत.

पण त्या विस्तवालाही इतिहास आहे. युरोपात पूर्वी जाळ घराच्या मधोमध असे आणि धूर छपरातल्या भोकातून जाई. बाराव्या शतकापासून किल्ल्यांमध्ये आणि बड्या घरांमध्ये विस्तव भिंतीत सरकू लागला आणि त्याच्यावर धुराडे आले. साध्या घरांपर्यंत ते पोहोचायला आणखी काही शतके लागली. विल्यम हॅरिसन या इंग्रज लेखकाने १५७७ मध्ये लिहून ठेवले आहे की, आपल्या गावच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या हयातीत तीन गोष्टी फार बदललेल्या वाटतात आणि त्यातली एक म्हणजे नव्याने उभ्या राहिलेल्या असंख्य चिमण्या. विस्तव मधोमध होता तोवर माणसे गोलात बसत. तो भिंतीत गेला आणि खुर्च्या त्या भिंतीकडे वळल्या. पुढे घरे तापवायला नळ आणि यंत्रे आली, विस्तवाची गरज सरली. पण खुर्च्यांना भिंतीकडे पाहायची सवय लागली होती. म्हणून चिमणी नसलेल्या खोलीत आता पाहायचे कुठे, हा प्रश्न त्यांच्याकडेही उभा राहिला. त्या मुलाच्या लॅपटॉपमधली विजेची शेकोटी हे त्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर होते.

हा फरक धर्माचा नाही, हवेचा आहे, हेही इथेच सांगायला हवे. तुर्कस्तानात उस्मानी काळातल्या घरांमध्ये आणि महालांमध्ये भिंतीत शेकोटी असे. तिला ‘ओजाक’ म्हणतात आणि तुर्की भाषेत त्याच शब्दाचा अर्थ घराणे असाही होतो. अरबस्तानातल्या नज्द प्रांतात जुन्या मजलिसमध्ये कहव्याची चूल पाहुण्यांसमोरच असे. काश्मिरात बुखारी आणि कांगडी आहेत. आपल्याकडेही महाबळेश्वरच्या जुन्या इंग्रजी बंगल्यांत शेकोट्या सापडतात. पनवेलात मात्र खाडीचा दमट वारा आणि चार महिने कोसळणारा पाऊस. इथे बैठकीत विस्तव आणण्याचा विचार कुणी केला नाही.

मराठीने तर ‘चिमणी’ हा शब्द घेऊन त्याला आपल्या पद्धतीने कामाला लावले. गिरणीचे उंच धुराडे ही चिमणी. कंदिलाची काच ही चिमणी. आणि आमच्या लहानपणी वीज गेली की दादी जी लहानशी रॉकेलची बत्ती पेटवी तीही चिमणीच. तिच्या काजळीने कोनाड्याची वरची बाजू काळी झालेली होती. ‘चिमणी कुठे ठेवू’ असा प्रश्न आमच्या घरात रोज विचारला जाई, पण त्याचा अर्थ वेगळा होता.

◆

मग आपल्या खोलीचा मध्य सांगणारा शब्द आपल्या भाषेत आहे की नाही? आहे, आणि तो चुलीवरून आलेला नाही. तो शब्द म्हणजे ‘सदर’. अरबीत ‘सद्र’ म्हणजे छाती. त्यावरून पुढची, मानाची जागा. मजलिसमध्ये मानाच्या माणसाला सद्रस्थानी बसवतात. तोच शब्द मराठीत येऊन वाड्याची सदर झाला, रायगडावरची राजसदर झाला. थंड देशातल्या शब्दाने माणसाला विस्तवाकडे वळवले; आपल्या शब्दाने माणसाला माणसाकडे वळवले. बैठकीत पाहायचे ते सदरेवर कोण बसले आहे याकडे.

मराठी बैठकीचे बाकीचे शब्दही पाहावेत. दिवाणखाना, दालन, जाजम, तक्क्या, खुर्ची, मेज हे सारे अरबी-फारसीतून आलेले आहेत आणि ते आमच्या घरात होते तसे शेजारच्या ब्राह्मण घरातही होते. ‘तुमची संस्कृती वेगळी’ असे कुणी आम्हांला सुनावले की आम्हांला हे शब्द आठवतात. बसायची जागा ज्या शब्दांनी सांगितली जाते ते शब्द दोन्ही घरांत एकच असतील, तर आपण चारशे-पाचशे वर्षे एकमेकांकडे बसायला जात आलो आहोत, एवढे तरी नक्की.

पनवेल हे तर येण्याजाण्याचेच गाव. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचे आणि तिथून पुण्याकडे निघायचे, हा जुना रस्ता. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला तेव्हा बंदरातला माल बैलगाड्यांवर घाट चढू लागला. गाडीची चाके बनवण्याचा पनवेलचा धंदा जुन्या सरकारी गॅझेटियरांनी आवर्जून नोंदवला आहे. इथली नगरपालिका १८५२ ची, म्हणजे राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. १८६३ मध्ये आगगाडी कर्जतकडून बोरघाट चढून गेली आणि पनवेलचा ओघ आटला. बंदर हळूहळू गाळाने भरले. पण पाहुण्याला बसवायची सवय गावाला लागली होती. आमचे पणजोबा बंदरावर मालाची नोंद ठेवत. त्यांनी बांधलेल्या घरात पाहुण्याची खोली सगळ्यांत मोठी आणि घरच्या माणसांच्या खोल्या लहान, असा हिशेब होता.

◆

त्या घराची रचना सांगतो. रस्त्याकडून आले की पूर्वेला पडवी. तिच्या आत बैठक. बैठकीच्या उत्तरेला एक दार, त्याला पडदा. त्या पडद्यापलीकडे माजघर आणि माजघराच्या मागे चुलीची खोली. चूल बैठकीपासून जेवढी लांब नेता येईल तेवढी नेलेली होती.

चुलीला धुराडे नव्हते. ते नव्हते म्हणून काही अडत नव्हते, कारण धूर कौलांच्या फटींमधून आपोआप बाहेर जाई. आधी नळीची कौले होती. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे तशी चपटी कौले कोकणपट्टीभर पसरली. आमच्या छपरावरही ती आली. पावसाळ्यात सकाळी लांबून पाहिले की अख्ख्या मोहल्ल्याच्या कौलांतून निळसर धूर पाझरताना दिसे. या धुराचा उपयोगही होता. वासे आणि कामट्या काळ्या पडत, पण त्यांना कीड लागत नसे. चुलीवरच्या माळ्यात सुके बोंबील, सोडे, बियाणे आणि ओली लाकडे ठेवत. धूर जातायेता तिथले काम करून जाई.

घराला उपकारक असलेला हा धूर बायकांच्या डोळ्यांना मात्र उपकारक नव्हता. दादीचे डोळे कायम लाल असत. लहानपणी आम्हांला वाटे, म्हातारपणी सगळ्यांचे डोळे लालच होतात. अब्बांचे झाले नाहीत, तेव्हा कळले.

लॅटिन शब्दाचा अर्थ कळल्यावर आम्हांला हे दुसऱ्या बाजूने दिसू लागले. आमच्या घराला दोन मध्य होते. चूल बायकांकडे होती आणि सदर पुरुषांकडे. दोन्हींच्या मध्ये एक पडदा. पाहुण्याने आमच्या घरात वर्षानुवर्षे चहा घेतला, पण तो कुठल्या जाळावर उकळला ते पाहिले नाही. आणि चहा करणाऱ्या बाईने तो कुणी घेतला ते पाहिले ते फटीतून. ही शेजारच्या हिंदू घरांपेक्षा फार निराळी गोष्ट होती असेही नाही. तिथेही आतल्या बायका ओटीवर बसत नसत. पण आपल्याकडे आपण त्याला धर्माचे नाव देऊन टाकले, त्यामुळे ते मोडायला जास्त वेळ लागला, असे आमचे मत आहे.

◆

आता पश्चिमेची भिंत. दार पूर्वेला, म्हणून आत येणाऱ्याला ही भिंत समोर दिसे. पनवेलहून मक्का पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येते. घरात नमाज पढायची वेळ आली की सफ याच भिंतीकडे तोंड करून लागे. म्हणून या भिंतीवर माणसाचा फोटो नाही, आरसा नाही, आणि तिच्याकडे पाय करून झोपायचे नाही, हे आम्हांला कुणी शिकवल्याचे आठवत नाही; ते आपोआप येत गेले. आजोबांचा एकुलता एक फोटो होता तो दक्षिणेच्या भिंतीवर.

भिंतीच्या मध्यावर सागवानी चौकटीचा एक ताक होता. त्यात जुजदानात गुंडाळलेले कुराण. त्याच्यावर आयतुल कुर्सीचा तुगरा, काळ्या मखमलीवर सोनेरी अक्षरांचा. ती अक्षरे घरात सगळ्यांना पाठ होती, पण वेलबुट्टीसारख्या गुंफलेल्या त्या वळणातून ती वाचून दाखवणे कुणालाच जमत नसे. आम्ही मराठी शाळेत गेलो. आमच्यासाठी तुगरा हे वाचायचे नाही, पाहायचे अक्षर होते.

मशिदीतल्या मिहराबचा इतिहास इथे आठवतो. भिंतीत कोरलेला कमानीदार मिहराब सुरुवातीपासून नव्हता. उमय्या खलिफा वलीद यांच्या काळात, ७०७ ते ७०९ या वर्षांत मदीनेच्या मशिदीची पुन्हा बांधणी झाली तेव्हा तो आला, असे इतिहासकार सांगतात. आणि तो असतो रिकामा. साऱ्या मशिदीची तोंडे ज्या कोनाड्याकडे असतात त्या कोनाड्यात काहीच ठेवलेले नसते. तो स्वतःकडे पाहा असे सांगत नाही, पलीकडची दिशा दाखवतो. आमच्या बैठकीतली भिंत मोकळी ठेवण्यामागे हीच जुनी समज असावी.

ती मोकळी राहिली नाही हेही खरे. छपाई स्वस्त झाली तशी चित्रे घराघरांत शिरली. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या भिंतींवर आली मक्का-मदीनेची चित्रे. मदीनेचे पहिले फोटो मुहम्मद सादिक बे या इजिप्तच्या लष्करी अधिकाऱ्याने १८६१ मध्ये काढले आणि १८८० मध्ये त्यानेच काबागृहाचे फोटो टिपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या एच. ए. मिर्झा अँड सन्स या छायाचित्रकारांचे मक्केचे फोटो हिंदुस्तानी हाजींमध्ये विकले जात. आमचे आजोबा १९६८ मध्ये मोगल लाइनच्या जहाजाने हजला गेले. निघण्याआधी मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जहाज. समुद्रमार्गे हज १९९५ पर्यंत चालली. आजोबा परतले तेव्हा जमजमचा डबा, खजूर आणि काबागृहाचे रंगीत चित्र घेऊन आले. ते चित्र तुगऱ्याच्या शेजारी लागले. आठवडाभर गावातले लोक भेटायला येत होते. त्यांत हिंदू होते, बोहरी होते. सगळे आधी चित्राकडे पाहत आणि मग आजोबांकडे. सद्र आणि सदर एका रेषेत आलेली आम्ही पाहिली ती तेव्हा.

पश्चिमेकडे तोंड करणारे पनवेलात आम्हीच नव्हतो. इथे बेने इस्राएल समाजाचे बेथ एल सिनेगॉग १८४९ पासून आहे. भारतातल्या सिनेगॉगमध्ये तोरा ठेवलेले हेखल पश्चिमेच्या भिंतीला असते, कारण जेरुसलेमही इथून पश्चिमेलाच. मराठी बोलणारे, कधीकाळी कोकणात तेलाचे घाणे चालवणारे हे लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. त्यांची घरे विकली गेली. नव्या मालकांनी भिंतींचे रंग बदलले असतील. दिशा कोण बदलणार?

◆

आता पडद्याची गोष्ट.

आमच्या घरी रेडिओ आला तो १९६० च्या सुमारास. तिपाईवर, भरतकाम केलेल्या रुमालाखाली. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर लागणारा अमीन सयानींचा ‘बिनाका गीतमाला’ बुधवारी रात्री ऐकला जाई. रेडिओने बसण्याची तऱ्हा बदलली नाही. आवाज पडद्यातून आरपार जातो. फुफू माजघरात बसून तीच गाणी ऐके आणि अब्बांना ते माहीत असे. रेडिओ दोघांचा होता आणि पडदाही जागेवर होता.

मग १९७३ नंतर आखाताची दारे उघडली. तेलाचे भाव चढले, तिकडे बांधकामे निघाली आणि कोकणातली तरणी मुले कुवेत, दुबई, सौदीला गेली. आधीच्या पिढ्यांनी बोटीवर खलाशी म्हणून जग पाहिले होते. ही पिढी विमानाने गेली. आमचे चाचा कुवेतला होते. त्यांच्या प्रत्येक खेपेला बैठकीत एक वस्तू वाढे. टू-इन-वन, काबागृह विणलेला मखमली गालिचा, प्लास्टिकची फुले, काचेचे शोकेस, अजान देणारे घड्याळ. तक्के आणि जाजम माळ्यावर गेले, सोफा आला. सोफ्याने खालची बैठक उठवली आणि त्याबरोबर सदरेचा हिशेबही बिघडला. कारण तीन माणसांच्या सोफ्यात मानाची जागा कुठली, हे कुणाला सांगता येईना.

आणि १९८४ मध्ये टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले होते, १९८२ पासून रंगीत झाले होते. छपरावर अँटेना लावायला आलेल्या माणसाने तो वरळीच्या मनोऱ्याकडे वळवला. पनवेलहून वरळी जवळजवळ सरळ पश्चिमेला येते. आजोबा अंगणातून वर पाहत म्हणाले, ‘‘हासुद्धा किब्ल्याकडेच तोंड करून उभा राहिला की!’’ तरी पश्चिमेच्या भिंतीजवळ टीव्ही ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. तो गेला दक्षिणेच्या भिंतीला, आजोबांच्या फोटोखाली. सगळ्या खुर्च्या दक्षिणेकडे वळल्या. जी भिंत समोर होती ती बाजूला पडली. नव्वद अंशांचा हा फरक एका दुपारी झाला आणि कुणी त्याबद्दल चर्चा केली नाही.

पण त्याहून मोठा बदल पुढे झाला. चित्र पडद्यातून आरपार जात नाही. फुफू, अम्मी आणि दादी आधी दारात उभ्या राहून पाहू लागल्या, मग उंबऱ्यावर बसून, मग शनिवारच्या मराठी सिनेमाला खाली चटईवर. पडदा बाजूला सारून ठेवला जाऊ लागला आणि पुढे कधीतरी धुवायला काढला तो परत लागलाच नाही. सुधारकांची भाषणे आमच्या घरापर्यंत पोहोचली नव्हती असे नाही. हमीद दलवाईंचे मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७० चे; अब्बा त्याविषयी वाचत, वाद घालत. पण तो वाद बैठकीत, पुरुषांमध्ये चाले. फुफू बैठकीत येऊन बसली ती टीव्हीमुळे. हे लिहायला आम्हांला थोडी शरम वाटते, पण झाले ते असे.

१९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागे. शेजारच्या ज्या घरांत टीव्ही नव्हता तिथल्या बायका आमच्या बैठकीत येत. संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले आहेत हे अब्बा प्रत्येकाला अभिमानाने सांगत. आमच्या बैठकीत एवढ्या बायका, त्याही दोन्ही समाजांच्या, एकत्र बसलेल्या त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. दोन-अडीच वर्षांनी, १९९२ च्या डिसेंबरात, त्याच टीव्हीसमोर आम्ही घरचेच बसलो होतो आणि आवाज बारीक केलेला होता. मुंबईहून बातम्या येत होत्या. आमच्या गल्लीत कुणी कुणाला बोट लावले नाही. पण शेजारणी बरेच महिने आल्या नाहीत, आणि आम्हीही त्यांना बोलवायला गेलो नाही. हे दुसरे वाक्य आम्ही आता लिहितो आहोत. तेव्हा फक्त पहिलेच बोलत होतो.

पुढे २६ जुलै २००५ चा पूर आला. घरात कमरेएवढे पाणी होते. सोफा, शोकेस, टीव्ही, मखमली गालिचा सगळे गेले. ताकातले जुजदान कोरडे राहिले, कारण ताक छातीएवढ्या उंचीवर होता. चिखल काढायला पहिल्या दिवशी आल्या त्या जुन्या शेजारणीच. त्या आठवड्यात बैठकीत काहीच सामान नव्हते, सगळे फरशीवर फतकल घालून बसत होते, आणि समोर पुन्हा पश्चिमेची भिंत होती.

◆

सिडकोची स्थापना १९७० ची. नवीन पनवेल, मग कळंबोली, कामोठे, खारघर अशी वसाहत वाढत गेली. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. जमिनीचे भाव पाहता मोहल्ल्यातली कौलारू घरे टिकणार नव्हती. बैठक गेली आणि ‘हॉल’ आला. हॉलमध्ये टीव्हीचा पॉइंट कुठल्या भिंतीला, हे बांधणारा आधीच ठरवून ठेवतो; म्हणजे घराने कुठे पाहायचे हे घरात राहायला येण्याआधीच ठरलेले असते.

त्या मुलाने आणलेला नकाशा आम्ही पुन्हा उलगडला. इमारत रस्त्याला समांतर, आणि नवा रस्ता तिरपा. फोनमधल्या होकायंत्रावर पाहिले तर किब्ला एकाही भिंतीला येत नव्हता, तो कोपऱ्यात येत होता. थोरल्या भावांचा चेहरा उतरला. दुसरी गोष्ट फुफूच्या लक्षात आली. हॉल आणि किचन यांच्यामध्ये भिंतच नव्हती. गॅसच्या शेगडीवर एक पोलादी डबा काढला होता. ‘‘हे काय?’’ तिने विचारले. ‘‘चिमणी,’’ मुलगा म्हणाला, ‘‘धूर ओढून घेते.’’

म्हणजे ज्याला आम्ही हसलो होतो ते दुसऱ्या वाटेने घरात येतच होते. दीडशे वर्षांत पहिल्यांदा आमच्या घराला चिमणी मिळणार होती आणि पहिल्यांदाच चूल आणि सदर एका खोलीत येणार होत्या. भावांपैकी एकाने लगेच सुचवले की मध्ये एक जाळीदार पार्टिशन घालू, पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही. फुफू त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘एक पडदा काढायला तुम्हांला साठ वर्षं लागली. आता लाकडाचा लावता?’’

पार्टिशन रद्द झाले. मग आम्ही त्या मुलाला आमचे उत्तर सांगितले. टीव्ही बांधणाऱ्याने ठरवलेल्या भिंतीलाच राहू दे, आम्ही त्याच्याशी भांडत नाही. किब्ल्याच्या कोपऱ्यात सामान ठेवायचे नाही. तिथे जुन्या ताकाची सागवानी चौकट बसवायची, छातीएवढ्याच उंचीवर. तुगरा तिच्यावर. फरशीची एक रांग तिरपी, किब्ल्याच्या बाजूने घालायची, म्हणजे सफ लावताना कुणाला विचारायला नको. आणि त्या कोपऱ्याच्या डाव्या हाताला, जिथून घराचे दारही दिसते आणि शेगडीही दिसते, तिथे फुफूची खुर्ची. ‘‘मला सगळं दिसलं पाहिजे,’’ एवढीच तिची अट होती. मुलाने वहीत लिहून घेतले आणि विचारले, ‘‘मग फोकल पॉइंट कोणता लिहू?’’ थोरले भाऊ म्हणाले, ‘‘सदर लिही.’’ त्याने शब्दाचा अर्थ विचारला. तो आम्ही वर दिलाच आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची घरे आज याच वाटेवर आहेत. श्रीवर्धन असो, म्हसळा असो, तळोजे असो, कुठेतरी एक बैठक मोडली जात असेलच. तिचा फोटो तर सगळेच काढतात. फोटोत भिंत येते, पण भिंतीकडे तोंड करून कोण बसायचे आणि पाठ करून कोण बसायचे, ते येत नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारावे की तिला त्या खोलीत काय दिसायचे. ती जे सांगेल ते तारखेसह लिहून ठेवावे. आपल्या समाजाच्या इतिहासात लढाया आणि फर्माने पुष्कळ नोंदली गेली. माजघरातून काय दिसत होते याची नोंद फारच थोडी आहे.

आमचे घर गेल्या पावसाळ्याआधी पाडले. कामगारांनी आधी कौले उतरवली, मग वासे. चुलीच्या खोलीचे वासे हातात घेतले तर अजून काळे होते आणि ठणठणीत होते; सुताराने ते विकत मागितले. पश्चिमेची भिंत सगळ्यांत शेवटी पडली, कारण तिच्यातून ताकाची चौकट न तुटता काढायची होती. त्यात अर्धा दिवस गेला. सध्या ती चौकट आम्ही भाड्याने घेतलेल्या खोलीत, फुफूच्या पलंगाखाली, जुन्या पडद्यात गुंडाळून ठेवली आहे. तो पडदा तिने इतकी वर्षे जपून ठेवला होता, हे आम्हांला घर रिकामे करताना कळले.